ताप आला की आधी हे समजून घ्या: बॅक्टेरिया आहे की व्हायरस?

पावसाळा सुरू झाला की आमच्या पंचवटीतल्या लॅबच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, ताई काय निघालं, व्हायरल ना? व्हायरल आहे म्हटलं की समोरचा माणूस हुश्श करतो आणि पुढच्याच वाक्यात विचारतो, मग अँटिबायोटिक कुठली चालू करू? मी टेक्निशियन आहे, औषध सांगायचं काम डॉक्टरांचं, त्यामुळे तिथे मी काही बोलत नाही. पण हा दुसरा प्रश्न ऐकला की मला खरंच वाईट वाटतं, कारण व्हायरल असेल तर अँटिबायोटिकचा त्याच्यावर काडीचाही उपयोग नसतो. आपण दोघांनाही "जंतू" म्हणतो ना, तिथेच घोटाळा होतो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, कोण काय आहे, घरी कसं ओळखायचा अंदाज घ्यायचा, आणि कोणासाठी काय करायचं.

सुरुवात दह्यापासून करू, कारण बॅक्टेरिया आपण रोज रात्री स्वतःच्या हाताने वाढवतो. दूध उकळलं की त्यातले बहुतेक बॅक्टेरिया मरतात. मग ते कोमट होऊ द्यायचं, बोट बुडवलं तर चटका बसायला नको पण ऊब लागली पाहिजे, म्हणजे साधारण ४० ते ४५ डिग्री. त्यात चमचाभर विरजण घातलं की तुम्ही त्यात अक्षरशः कोट्यवधी बॅक्टेरिया सोडले. ते दुधातली साखर खातात, लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकतात, आणि दूध पुरेसं आंबट झालं की त्यातलं प्रोटीन गोठतं, ते आपलं दही. मे महिन्यात पाच-सहा तासात लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून ती थंडी आली की भांडं शालीत गुंडाळून ठेवलं तरी सकाळी पातळच, कारण थंडीत बॅक्टेरिया हळू वाढतात. फ्रिजचं काम पण हेच आहे बरं का, फ्रिज बॅक्टेरिया मारत नाही, फक्त त्यांचा वेग कमी करतो.

कॉलेजात प्रॅक्टिकलला मी पहिल्यांदा दह्याची स्लाइड केली होती ती अजून आठवते. काचेवर टाचणीच्या टोकाएवढं दही पसरायचं, वाळवायचं, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचं, मग जांभळा रंग, आयोडिन, स्पिरिटने धुणं आणि शेवटी लाल रंग. याला ग्रॅम स्टेन म्हणतात, हान्स ख्रिश्चन ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही पद्धत छापली आणि आजही आम्ही रोज हीच वापरतो. वर तेलाचा थेंब टाकून १०० च्या लेन्सखाली बघितलं तर जांभळ्या काड्या आणि जांभळ्या मण्यांच्या माळा, सगळीकडे पसरलेल्या. म्हणजे ही एवढी गर्दी मी रोज जेवताना खातेय! त्या दिवसापासून बॅक्टेरिया म्हणजे शत्रू हे माझ्या डोक्यातून गेलं ते गेलंच. आपल्या आतड्यातही ते असतातच, माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा २०१६ चा अंदाज आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्याच आसपास.

तर बॅक्टेरिया म्हणजे एक पूर्ण जीव. एकच पेशी, पण स्वतःची भिंत आहे, स्वतःचा डीएनए आहे, प्रोटीन बनवायचा कारखाना आहे, खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. त्याला दुसऱ्या कोणाची गरज नाही, अन्न आणि ऊब मिळाली की झालं.

व्हायरस तसा नाही. व्हायरस म्हणजे प्रोटीनच्या डबीत ठेवलेली एक चिठ्ठी, त्या चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं की "माझ्यासारखे अजून बनवा". ती चिठ्ठी वाचणारा कारखाना त्याच्याकडे नसतो, म्हणून तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच कारखान्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. बाहेर असताना तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही, नुसता पडून असतो. आणि केवढा लहान! एक मिलिमीटरच्या रेषेत दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बॅक्टेरिया एका ओळीत ५०० बसतील, डेंग्यूचे व्हायरस लावले तर २०,००० बसतील. आमच्या लॅबच्या मायक्रोस्कोपमध्ये तो दिसतच नाही, म्हणून डेंग्यूला आम्ही व्हायरसचं प्रोटीन शोधतो नाहीतर तुमच्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधतो.

आता अँटिबायोटिक. पेनिसिलिन १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला सापडलं, ते बॅक्टेरियाची भिंत नीट बांधू देत नाही, मग बॅक्टेरिया फुटतो. दुसरी काही अँटिबायोटिक्स त्याचा प्रोटीनचा कारखाना बंद पाडतात, जो आपल्यापेक्षा जरा वेगळा असतो म्हणून आपल्याला त्रास कमी. व्हायरसला ना भिंत ना कारखाना. मग ती गोळी मारणार कशाला?

हे मला पुस्तकातून कळलं होतं पण पटलं ते माहेरी, दिंडोरीकडे. आमच्या एका गाईची कास सुजली, दगडी झाली म्हणतात तिकडे, तो बॅक्टेरियाचा आजार आहे, तर जनावरांच्या डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या आणि सांगून गेले की इतके दिवस हे दूध घरात वापरू नका. एक दिवस गडबडीत ते दूध बाकीच्या दुधात मिसळलं गेलं आणि वहिनीने नेहमीसारखं विरजण लावलं. सकाळी बघतो तर दूध तसंच्या तसं. तिला वाटलं विरजण जुनं झालं, शेजारून नवीन आणून परत लावलं, तरी नाही. विरजणातले बॅक्टेरिया दुधातल्या औषधाने वाढूच दिले नव्हते. मी तेव्हा तिला म्हटलं, वहिनी, सर्दीला गोळी खातो ना आपण, तेव्हा पोटात हेच होतं, सर्दीचा व्हायरस तसाच राहतो आणि आतलं चांगलं विरजण मरतं. म्हणूनच बऱ्याच जणांना अँटिबायोटिक घेतली की पोट बिघडतं.

शेतकरी माणसाला हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो असं माझं मत आहे. मावसभावाची सटाण्याकडे डाळिंबाची बाग आहे, डाळिंबावरचा तेल्या हा बॅक्टेरिया. पावसाच्या थेंबांनी उडतो, छाटणीच्या कात्रीवरून या झाडावरून त्या झाडावर जातो, त्यामुळे भाऊ कात्री औषधात बुडवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावत नाही. आणि टोमॅटोच्या प्लॉटवर व्हायरस आला, पानं गोळा झाली, तर तोच माणूस व्हायरसवर फवारणी शोधत बसत नाही कारण तसं औषधच नाही, तो रोगट झाड उपटून टाकतो आणि पांढऱ्या माशीच्या मागे लागतो, कारण व्हायरस ती माशी आणते. डेंग्यूचं डिट्टो हेच आहे, व्हायरस मारायची गोळी नाही, डास संपवायचा.

आता घरात ताप आला तर काय करायचं ते सांगते. पहिल्या दिवशी एका कागदावर तारीख, वेळ आणि ताप लिहायला लागा, हे खूप कामाला येतं आणि कोणीच करत नाही. नाक गळतंय, घसा खवखवतोय, खोकला, अंगदुखी, घरात दोन-तीन जणांना एकदमच झालंय, असं असेल तर बहुतेक वेळा व्हायरस असतो, आणि तो शरीर स्वतःच पाच-सात दिवसात आवरतं. भरपूर पाणी, पेज, वरणाचं पाणी, आराम, आणि तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरियाच आहे असं खूप लोक मानतात, तसं नसतं, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, त्या लढून मेल्या की कफाला रंग येतो, व्हायरसमध्ये पण येतो.

बॅक्टेरियाचा संशय कधी घ्यायचा? बरं वाटायला लागलं होतं आणि ताप उतरून परत चढला, दुखणं एकाच जागी आहे जसं एकच कान किंवा छातीची एकच बाजू, कुठे पू झालाय, लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, खोकला नाही पण गिळता येत नाही आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके. यातलं काही असेल तर डॉक्टरकडे जा आणि सरळ विचारा, डॉक्टर, हे बॅक्टेरियल वाटतंय की व्हायरल? विचारण्यात काही गैर नाही, चांगल्या डॉक्टरांना आवडतंच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र कुठलाही ताप आला तरी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. धाप लागणं, झोपेतून उठवता न येणं, झटके, लघवी खूप कमी होणं, यात पण अंदाज बांधत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

डेंग्यूबद्दल थोडं जास्त लिहिते कारण नाशिकमध्ये दर पावसाळ्यात माणसं यात फसताना बघितलीत. पहिल्या पाच दिवसात एनएस१ नावाची, व्हायरसचं प्रोटीन शोधणारी टेस्ट कामाची, त्यानंतर अँटिबॉडी शोधणारी आयजीएम. आयजीएम दुसऱ्याच दिवशी करून निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा धोका संपत नाही, खरा धोका बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. लोक ताप गेला म्हणून कामावर जातात. त्या दिवसात पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, खूप गळून गेल्यासारखं, यातलं एक जरी दिसलं तरी तडक ॲडमिट. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. सगळेजण प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत बसतात, पण पोटात पाणी किती जातंय आणि लघवी होतेय का हे घरच्यांनी बघणं तितकंच गरजेचं आहे. या व्हायरसचे चार प्रकार आहेत, एकदा होऊन गेला तरी दुसऱ्या प्रकाराचा परत होतो आणि तो जास्त त्रासाचा असू शकतो.

डास घरातच जन्मतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. ड्रम, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचं टायर. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, भांड्याच्या आतल्या कडा घासायच्या, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी राहून पण महिनोन्‌महिने टिकतात.

टायफॉइडचं उलटं आहे, तो बॅक्टेरिया. त्याला अँटिबायोटिक लागतंच. पण "टायफॉइड निघाला" हे जे पटकन ठरतं ते बऱ्याचदा विडाल टेस्टवर, आणि ती टेस्ट खूप फसवते, आधी कधी टायफॉइड झाला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच ताप असेल तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्रीची टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर. त्यात आम्ही तुमचं रक्त बाटलीतल्या खाद्यात घालून उबेत ठेवतो, एका अर्थी दहीच लावतो, त्यात बॅक्टेरिया वाढला की तो खाद्य असलेल्या प्लेटवर पसरतो आणि त्याच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवून बघतो की तो कशाने मरतो. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसतं ते औषध लागू. रिंगणच नाही म्हणजे तो त्या औषधाला सरावलाय. गेल्या वर्षी एका तरुण मुलाच्या लघवीच्या प्लेटवर मी सहा चकत्या बघितल्या ज्यांच्याभोवती बॅक्टेरिया अगदी कडेला खेटून वाढला होता. त्याने आधी कुठून कुठून गोळ्या घेतल्या होत्या, कधी मेडिकलमधून, कधी घरात उरलेल्या. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही.

असं होतं कारण बॅक्टेरिया भराभर वाढतात आणि प्रत्येक वेळी प्रत काढताना थोड्या चुका होतात, त्यातल्या एखाद्या चुकीने एखादा बॅक्टेरिया औषधाला दाद देत नाही, बाकीचे मरतात आणि तो एकटा मोकळ्या जागेत पसरतो. वर ते ही विद्या डीएनएच्या छोट्या रिंगांमधून शेजारच्या वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियाला पण देतात. म्हणून पाकिटावर उभी लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, उरलेली गोळी जावेला किंवा शेजारच्या काकूंना द्यायची नाही, आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स स्वतःच्या मनाने मध्ये सोडायचा नाही. टीबीत तर हे फारच. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये जाहीर केलं की टीबी एका बॅक्टेरियामुळे होतो. हा बॅक्टेरिया एकाचे दोन व्हायला जवळजवळ अख्खा दिवस घेतो, सुस्त पडून राहतो, म्हणून नेहमीचं औषध निदान सहा महिने चालतं. दोन महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि तिथेच माणूस गोळ्या सोडतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, लाजायचं काही कारण नाही.

स्वयंपाकघराकडे येते. एकाचे दोन व्हायला वीस मिनिटं लागणारा बॅक्टेरिया धरला तर तासाला आठपट, आणि आठ तासात एकाचे १,६७,७७,२१६. कागदावर गुणून बघा, मुलांकडून करून घ्या. आता रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवला आणि सकाळी फोडणीचा भात केला, हे आपल्या सगळ्यांच्या घरात होतं. तांदळात एक बॅक्टेरिया असतो, बॅसिलस सिरियस, त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं, भात शिजला तरी मरत नाहीत, रात्रभर उबेत ते जागे होतात आणि काही जातींचं विष असं असतं की सकाळी कितीही परता, ते जात नाही. फोडणीचा भात सोडू नका, फक्त रात्री जेवणं झाल्यावर भात पसरट भांड्यात काढून निवला की तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका.

पाण्याचं म्हणाल तर गंगापूर धरणातून येणारं पाणी शुद्ध करून क्लोरीन घालूनच सोडतात, पण पुढे फुटलेली पाइपलाइन आणि सोसायटीची वर्षानुवर्षं न धुतलेली टाकी लागते. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर आधी गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, त्यात टायफॉइड, कॉलरा आणि काविळीचा व्हायरस सगळे जातात. रामकुंडाच्या तीर्थाचा विषय नाजूक आहे तरी लिहिते, कारण सिंहस्थ जवळ आलाय. १८९६ मध्ये अर्नेस्ट हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे बॅक्टेरिया मरतात. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेल याने बॅक्टेरियाला खाणाऱ्या व्हायरसला बॅक्टेरियोफाज नाव दिलं, आणि हॅन्किनला दिसलं ते त्यांचंच काम असावं असं मानतात. म्हणजे बॅक्टेरियाला पण व्हायरल होतं! मोठ्या डेअऱ्यांमध्ये याच फाजमुळे कधी कधी विरजण अख्खं मरतं. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण म्हणून ते पाणी पिण्याजोगं होत नाही, एक फाज ठरावीक बॅक्टेरियालाच धरतो आणि बाकीचे मजेत असतात. तीर्थ डोळ्याला लावा, लहान बाळाच्या तोंडात घालू नका.

जुलाब लागले तर बॅक्टेरिया की व्हायरस याचा विचार नंतर, आधी पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असं अंदाजाने करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. घोट घोट द्यायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. लहान मुलांना डॉक्टर १४ दिवस झिंक देतात, जुलाब थांबले तरी ते पूर्ण द्या. शौचातून रक्त पडत असेल तर घरी थांबू नका. आणि हात साबणानेच धुवा, कारण फ्लू, कोरोना यांना वरून चरबीचं पातळ आवरण असतं ते साबणाने आणि सॅनिटायझरने फाटतं, पण जुलाबाच्या रोटासारख्या व्हायरसला हे आवरणच नसतं, त्यावर सॅनिटायझर तितकं चालत नाही, तो चोळून पाण्याबरोबर वाहून घालवावा लागतो. वीस सेकंद, नखांसकट.

व्हायरसवर आपल्याकडचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे आधीच टोचलेली लस. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, आपल्याकडचा नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी इंजेक्शन. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही.

शेवटचं आमच्या लॅबचं. कल्चर सांगितलं असेल तर सॅम्पल अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी द्या, नाहीतर प्लेटवर काही वाढतच नाही आणि आम्हाला "ग्रोथ नाही" असं लिहावं लागतं, आजार मात्र तिथेच असतो. लघवीच्या कल्चरला लॅबमधूनच बंद बाटली न्या, झाकणाच्या आतून बोट लावू नका, जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली धरा. आणि ती बाटली तासाभरात आणून द्या. परवा एक काका सकाळी सहाला भरलेली बाटली गाडीच्या डिकीत ठेवून भाजी घेऊन, नाश्ता करून साडेअकराला आले. साडेपाच तास, वर ऊन. त्यांना परत बाटली दिली तेव्हा ते जरा रागावले, मग मी ते वीस मिनिटांचं गणित त्यांना काउंटरवरच्या कागदावर करून दाखवलं, तो कागद घडी करून ते खिशात घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता बाटली घेऊन हजर.